न मरणारे गप्पी

१५ सप्टेंबर, सोमवार

आज माझ्या नावाची पहिली चाचणी लागली. सात वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली राबले. आज निरंजन सरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, ‘माशांच्या अहवालावर यापुढे सही नीलाची.’ प्रयोगशाळा त्यांची, चाकणच्या एमआयडीसीतला दीड गाळा, त्यामुळे त्यांनी म्हटलं की झालं. पेढे मात्र माझ्याच पैशाने आले.

औषध साधं दिसतं, काकवीच्या रंगाचं. सीएनसी मशीनवर लोखंडी भाग कापताना ते गार ठेवायला जे दुधासारखं कूलंट सोडतात, ते रविवारी मशीन बंद राहिलं की नासतं. सोमवारी गाळ्यात पाऊल टाकवत नाही. हे माझ्यापेक्षा विलासला जास्त ठाऊक, नवरा भोसरीत बारा वर्षं तेच मशीन चालवतोय. तर त्या कूलंटमधले जंतू मारायला हे नवं औषध. बनवणाऱ्या कंपनीला आमच्याकडून लिहून हवंय की पाण्यातल्या जिवांना याचा अपाय नाही. वापरलेलं कूलंट शेवटी कुठे ओततात हे शेंबडं पोरही सांगेल. ओढ्यात, आणि ओढ्यातून इंद्रायणीत. म्हणून माझी सही महत्त्वाची.

सहा टाक्या, प्रत्येकीत दहा गप्पी मासे. एकीत नुसतं पाणी, पाचांत औषध चढत्या प्रमाणात. चार दिवस खायला काही नाही. रोज मेलेले मोजायचे. सकाळची मोजणी बुद्धभूषणची, संध्याकाळची माझी. बुद्धभूषण दोन वर्षांपासून आमच्याकडे आहे. एम.एस्सी. आहे, कामाला वाघ, पण बोलणं कमी. डबा एकटा खातो. असली माणसं मला कळत नाहीत.

मासे ज्योतीदादाने आणून दिले. माझा चुलतभाऊ, माणचा. जमिनी आयटी पार्कात गेल्यावर त्याने टेम्पो घेतला. हिंजवडी ते चाकण असा माल वाहतो. गेल्या वर्षी सरांना सांगून माशांचं काम मीच त्याला मिळवून दिलं. मळ्यातल्या विहिरीत गप्पी आहेतच. लहानपणी आम्ही ओंजळीने धरायचो. कॅनचं झाकण उघडलं तर विलासच्या शर्टाला येतो तसा वास आला. टेम्पोत काय काय भरलेलं असतं देव जाणे. मासे मात्र एकसे एक, एकही वाटेत दगावला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

एकही मासा मेला नाही. सगळ्यात कडक टाकीतसुद्धा दहाच्या दहा ठणठणीत.

सर खूश. म्हणाले, ‘दिवाळीच्या आत अहवाल देऊन टाकू.’ मी मान डोलावली, पण पटलं नाही. जे औषध कोट्यवधी जंतू मारतं ते माशांना गुदगुल्या करतं का? याच जातीच्या दुसऱ्या औषधांचे आकडे मी वाचलेत. एवढ्या प्रमाणात पहिल्या दिवशीच टाकी उताणी पडायला हवी.

पाणी कुठेतरी मुरतंय. मेलेला मासा काढून जिवंत टाकायला कितीसा वेळ लागतो? साठ्याचा हौद त्याच खोलीत आहे. बुद्धभूषण सातला येतो, मी साडेनऊला. तोवर खोलीत तो आणि मासे.

२२ सप्टेंबर, सोमवार

चाचणी परत लावली. या वेळी प्रत्येक टाकीच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर माझी सही केली. मतदानाच्या पेटीला करतात तशी. बुद्धभूषण बघत उभा होता.

‘मॅडम, काही झालंय का?’

‘पद्धत आहे,’ मी म्हटलं.

‘आजवर नव्हती,’ तो म्हणाला आणि काचेची भांडी धुवायला गेला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पट्ट्या जशाच्या तशा. मासे जिवंत. कडक टाकीत दोन तेवढे मेले.

म्हणजे तो माझ्यापेक्षा हुशार आहे. माशांना हात लावत नसेल तर औषधाला लावत असेल. बाटली कपाटात असते, कपाटाला कुलूप नाही. अर्धं ओतून पाणी घातलं की काम झालं. कंपनीचा एक माणूस मागे आला होता तेव्हा बुद्धभूषण त्याच्याशी गेटवर बराच वेळ बोलत होता. काय बोलत होता विचारलं तर म्हणे, तो त्याच्या कॉलेजचा होता.

दुपारी तोच माझ्याकडे आला. ‘मॅडम, मासे एकदा दुसरीकडून आणून बघायचे का?’

मला असा राग आला! म्हटलं, ‘का? या माशांना काय झालंय? वर्षभरात एक मेला नाही हौदात.’

‘म्हणूनच म्हणतोय,’ तो म्हणाला.

म्हणजे आता माझ्या भावाच्या पोटावर पाय. याचा कोणी ओळखीचा असणार मासेवाला, त्यातून कमिशन. मी सरळ सांगितलं, ‘मासे ज्योतीराम आणतो, ज्योतीरामच आणेल.’ रात्री विलासला सांगितलं तर तो म्हणतो, ‘नीला, तुला ना, भाजीवालाही दोन कांदे ढापतोय असंच वाटतं.’ ढापतोच तो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. परवा खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं, सरांनी नारळ फोडला. बुद्धभूषण नव्हता. आईला घेऊन नागपूरला जायचं आहे, दीक्षाभूमीला, हे त्याने पंधरा दिवस आधी सांगून रजा घेतली होती. दरवर्षीच घेतो म्हणे. मला त्यात काही वावगं दिसत नाही, ज्याचं त्याचं. पण नागपूरलाच गेला की आणखी कुठे, हे कोण बघायला गेलंय? मी सहज हजेरीच्या माणसाला विचारलं, ‘रेल्वेचं तिकीट वगैरे जोडलंय का रजेला?’ तो माझ्याकडे बघतच राहिला.

कंपनीकडून औषधाची नवी सीलबंद बाटली मागवली आहे. ती माझ्या पर्समध्ये राहील.

६ ऑक्टोबर, सोमवार

सापडला.

मुद्दाम सव्वासातला पोचले. माशांच्या खोलीचं दार लोटलेलं. बुद्धभूषण खाली वाकून बसला होता आणि त्याच्या हातात प्लॅस्टिकची फुगलेली पिशवी. पिशवीत पन्नास-साठ गप्पी! पाठपिशवीतून आणले होते. खालच्या फळीवर, जिथे कोणी बघत नाही, तिथे त्याने सहा बरण्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर औषधाचं प्रमाण लिहिलेलं.

मी दार सताड उघडलं. म्हटलं, ‘हे काय चाललंय?’

तो दचकला, पण घाबरला नाही. ‘वाकडला एकजण गप्पींची पैदास करतो, त्याच्याकडून आणलेत. मला बघायचं होतं हे मासे मरतात का.’

‘औषध कुठलं?’

‘जुन्याच बाटलीतलं.’

‘आणि चोरून का?’

‘तुम्हाला विचारलं होतं मॅडम. तुम्ही रागावलात.’

‘पावती आहे?’

त्याने खिशातून पावती काढून दिली. पैदास केंद्राचं नाव, तारीख, सगळं होतं. पावती काय, कोणीही छापून देतो. मी ती त्याच्या समोर टेबलावर टाकली आणि सरांना फोन लावला. सर येईपर्यंत त्याने मासे बरण्यांत सोडलेही.

सर आले. त्यांनी मला एकच विचारलं, ‘नीला, मासे बदलताना तू पाहिलंस?’

मी म्हटलं, ‘डोळ्यांनी पाहिलं.’

पिशवी पाहिलीच होती की. पिशवी पाहिली म्हणजे बदलताना पाहिल्यासारखंच ना.

बुद्धभूषणने वाद घातला नाही. सरांनी उद्यापासून येऊ नको म्हटल्यावर त्याने कोट काढून खुंटीला लावला. जाताना दारात थांबून म्हणाला, ‘त्या खालच्या बरण्या चार दिवस राहू द्या. नुसतं बघा.’ सर म्हणाले, ‘निघ.’

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. पण जे झालं ते बरंच झालं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

जाता जाता सूड उगवून गेला. त्याच्या बरण्यांमधले मासे सकाळी उताणे तरंगत होते. अगदी कमी औषधाच्या बरणीतले सुद्धा. फक्त साध्या पाण्याच्या बरणीतले पोहत होते. काल जाताना काहीतरी भलतंच ओतलं असणार. मुक्या जिवांचा एवढा राग! बिचारे पांढरे पडले होते. मी सगळं सिंकमध्ये ओतलं, बरण्या तीनदा धुतल्या. जिवंत होते ते आमच्या हौदात सोडणार होते, पण म्हटलं नको, कुठले कोण, आपल्या माशांना रोग लागायचा. तेही ओतले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. बाहेर फटाके सुरू झाले आहेत.

सोमवारी तिसऱ्यांदा लावलेली चाचणी आज संपली. ज्योतीदादाने ताजे मासे आणले, बाटली नवी, खोलीची किल्ली माझ्या मंगळसूत्रात अडकवलेली. सफाईच्या शालनबाईंनाही आत येऊ दिलं नाही. फरशी मी पुसली. निकाल तोच. मासे मजेत.

म्हणजे औषध खरंच निर्धोक आहे. मग बुद्धभूषण काय बदलत होता? काय बदलायची गरज होती? या प्रश्नावर मी दुपारभर घुटमळले. शेवटी म्हटलं, एखाद्याला खोडच असते. त्याचं त्याला माहीत.

सही केली. नाव टाइप केलेलं, खाली माझी सही. फोटो काढून विलासला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीजेला माणला गेले. मला सख्खा भाऊ नाही, लहानपणापासून ज्योतीदादालाच ओवाळते. काकूने, रुक्मिणीबाईंनी, नेहमीसारखा पाट मांडून ठेवला होता. त्यांच्या नव्या इमारतीत मी पहिल्यांदाच गेले; लिफ्टसुद्धा आहे, आजूबाजूचं काही ओळखू येत नाही. ओवाळून झालं, दादाने साडी घातली ताटात. जेवताना मी सहज म्हटलं, ‘काकू, संध्याकाळी विहिरीवर जाऊन येऊ का? किती वर्षं झाली.’

काकू हसायलाच लागल्या. ‘इहीर? अगं, तिच्यावरच बसलीयेस तू. बिल्डरनं बुजवली, पाच-सहा वर्सं झाली की.’

मी ताटातून हात वर केला. म्हटलं, ‘दादा, मग मासे कुठून आणतोस?’

‘वाटंतनं,’ तो पुरणपोळी मोडत म्हणाला. ‘तळवड्याच्या पुढं वढा हाय न्हाई का, गाळ्यांच्या मागं? तितनं.’

‘मळ्यातले नाहीत?’

‘मी कवा म्हनलो मळ्यातले? तू इचारलंच न्हाईस.’

खरंच. बुद्धभूषणकडे पावती मागितली आणि याला वर्षभरात एकदाही विचारलं नाही, कुठून आणतोस. भावाला काय विचारायचं?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी दादाला म्हटलं, मला तो ओढा दाखव. टेम्पोतून नेलं त्याने.

गाळ्यांच्या मागच्या भिंतींतून पाइप बाहेर आलेत. दिवाळीची सुट्टी, तरी पाणी पांढरंच होतं, वर तेलाचे रंग. कडेला गवत जळलेलं. बेडूक नाही, पाणकिडा नाही, शेवाळही नाही. आणि त्या पाण्यात गप्पी. झुंडीच्या झुंडी. पालिकेने कधी डासांसाठी सोडले असतील, त्यांची ही पोरं-नातवंडं. वास तोच, विलासच्या शर्टाचा, माशांच्या कॅनचा. वर्षभर माझ्या नाकाखाली होता आणि मला घरचा वाटला.

मी काठावरच बसले. दादा घाबरला. ‘काय झालं गं नीले?’

‘दादा, हेच पाणी का रे? दुसरीकडचे का नाही आणलेस?’

‘आगं, पैल्यांदा मी पवनेतनं आनलं व्हतं, रावेतच्या बाजूनं. त्यातलं निम्मं वाटंतच मेलं तवा तू कसली वराडली व्हतीस! म्हनलीस, दादा, माझा एक बी मासा मरता कामा न्हाई, माझी नोकरी जाईल. मंग मी हिंडून हिंडून ह्ये शोधलं. बाकीचं सगळं मेलं हितलं, ह्येच तेवढं जगलं. ह्यास्नी काय बी घाल, मरत न्हाईत.’ आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, ‘तुझ्यासाठी येचून आनतो.’

त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, पण काय ओरडणार? मला रडू आलं. त्याला वाटलं मी भारावले. पाठीवर थोपटत राहिला.

माझ्या सहीने मी लिहून दिलंय की हे औषध माशांना निर्धोक आहे. ज्या माशांच्या कैक पिढ्या याच घाणीत मरून गेल्या आणि जे उरले, त्यांच्यावर मी ते तपासलं. आणि ज्या पोराने नीट मासे आणून खरी चाचणी लावली, त्याचे मेलेले मासे मी सिंकमध्ये ओतले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत, खुर्ची मागे सरकवली. मग एकेक प्रश्न.

‘मासे तुझ्या भावाचे?’

‘हो सर.’

‘काम त्याला तूच मिळवून दिलंस?’

‘हो.’

‘तुझा नवरा ज्या गाळ्यात आहे, तिथे हे औषध वापरणार आहेत?’

‘मला माहीत नाही.’

‘शेवटच्या चाचणीत किल्ली कोणाकडे होती?’

‘माझ्याकडे.’

‘आणि शंका घेणाऱ्याला तू काढायला लावलंस.’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘नीला, कंपनीने तुला काय दिलं?’

मी म्हटलं, ‘सर, आईशपथ काही नाही.’ माझंच मला खोटं वाटलं. सगळं कसं जुळतंय! त्यांच्या जागी मी असते तर मलाही हेच दिसलं असतं. मी तर याहून कितीतरी कमी पाहून एकाची नोकरी घालवली. त्यांनी किल्ली मागितली. मंगळसूत्रातून ती सुटायला वेळ लागला, तर त्याचीही त्यांनी नोंद घेतलेली दिसली.

अहवाल मागे घेतल्याचं पत्र मात्र लगेच कंपनीला गेलं. तेवढं त्यांनी केलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पिंपरीत बुद्धभूषणच्या घरी गेले. दार त्याच्या आईने उघडलं, अंबुबाई. नवरा कंपनीतून रिटायर होऊन वारला, हे बोलता बोलता कळलं. मला पाणी दिलं, नागपूरहून आणलेली संत्र्याची बर्फी दिली. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. ‘भूषणच्या हापिसातल्या का? काम कमी झालं म्हून माणसं काढली म्हणं. तुमची ऱ्हायली ना नोकरी?’ त्याने घरी हे सांगितलं होतं. हातातली बर्फी मी परत ताटलीत ठेवली.

तो आल्यावर मी जिन्यात त्याच्याशी बोलले. म्हटलं, ‘माझं चुकलं. मासे बदलताना मी तुला पाहिलं नव्हतं. तरी पाहिलं म्हणून सांगितलं.’

‘मला माहीत आहे मॅडम. मी तिथेच होतो.’

‘तुझ्या बरण्यांतले मासे मेले होते. मी ते ओतून टाकले.’

यावर मात्र त्याने डोळे मिटले. ‘नोंद केली होती?’

‘नाही.’

मी परत ये म्हटलं. तो म्हणाला, ‘सरांचा फोन आला होता काल. तुम्ही पैसे घेतले असतील का, असं विचारत होते.’

‘तू काय म्हणालास?’

‘म्हटलं, मी पाहिलं नाही. जे पाहिलं नाही ते मी सांगत नाही.’

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चाचणी त्याने लावली. एवढ्यापुरता यायला तयार झाला. तळेगावला दुसरी नोकरी लागली आहे, सोमवारपासून. मासे वाकडचे, पावतीसकट. किल्ली त्याच्याकडे. मला चार दिवस खोलीत प्रवेश नव्हता. सरांनी तसं लिहूनच लावलं होतं दारावर. मी बाहेर बसून दुसऱ्यांच्या पाण्याचे नमुने तपासले. सगळे माझ्याकडे बघून बोलणं थांबवत होते. हे त्याने एकट्याने डबा खात दोन वर्षं कसं काढलं असेल, असं मनात आलं.

आज दुपारी शेवटची मोजणी होती. सर मोबाइल घेऊन चित्रीकरणाला उभे. बुद्धभूषणने आतून दार उघडलं आणि मला हाक मारली. ‘या मॅडम. तुम्ही मोजा.’

मी म्हटलं, ‘तू मोज ना. माझा विश्वास आहे.’

‘नको,’ तो म्हणाला. आवाज साधा होता, राग नव्हता, आणि म्हणूनच तो मला सोसवेना. ‘मी मोजले तर उद्या परत कोणीतरी म्हणेल, डोळ्यांनी पाहिलं.’

त्याने जाळी माझ्या हातात दिली. मी एकेक टाकी मोजत गेले. साध्या पाण्यात दहाही जिवंत. बाकी पाचांत एकही नाही. मी मोठ्याने आकडे सांगितले, त्याने ते लिहून घेतले आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.